किल्लीची खातरजमा

देवगाव फाट्यावरच्या हाटेलात किशनराव कोपऱ्यातलं टेबल धरून बसले होते आणि आत येणाऱ्या प्रत्येकाकडं संशयानं बघत होते. खिशात कुसुमनं दिलेली चिठ्ठी होती. तिच्यावर आकडे आणि इंग्रजी अक्षरं, घोळक्या-घोळक्यानं लिहिलेली. त्यातलं किशनरावांना ओ की ठो कळत नव्हतं. पण लेकीनं जिम्मा दिला होता, आणि वालूरचा माणूस जिम्मा घेतला की मागं सरत नाही, असं निदान वालूरचे लोक तरी म्हणतात.

कुसुम परभणीत कॉम्प्युटर सेंटर चालवायची. ठिकठिकाणच्या पोरांनी लिहिलेले प्रोग्राम भांडारात जमवायचे आणि फ्लॉपीवर घालून दूध संघांना, पतसंस्थांना पुरवायचे, हा तिचा धंदा. गेल्या उन्हाळ्यात कुणा भामट्यानं दुसऱ्याच्या नावानं फ्लॉपी धाडली. तिच्यातून व्हायरस शिरला, गिऱ्हाइकांचे हिशेब साफ पुसले गेले आणि गिऱ्हाइकं तुटली. आता एकच दूध संघ पुन्हा भरवसा टाकायला तयार होता. त्यांना हवा तो प्रोग्राम औरंगाबादच्या एस. बी. खंदारे नावाच्या पोरानं लिहिलेला. तो अस्सल निघाला तर सेंटर तरणार, नाहीतर टाळं. सेंटर उभं राहिल्याबिगर लग्नाचं नाव काढायचं नाही, असं कुसुमनं बजावलेलं, त्यामुळं बापाचाही जीव टांगणीला लागला होता.

खंदारे आपल्या प्रोग्रामवर सही करायचा, पण पेनानं नव्हे, कॉम्प्युटरमधल्या एका गुप्त किल्लीनं. त्या किल्लीची जोडकिल्ली तो सगळ्यांना वाटायचा. ती लावली की सही खरी का खोटी आणि प्रोग्रामात कुणी बोट घातलंय का, ते लगेच कळायचं. मग अडलं कुठं, असं किशनरावांनी लेकीला विचारलं होतं. अडलं होतं जोडकिल्लीपाशीच. ती टपालानं आलेली. वाटेत कुणी बदलली असली तर? म्हणून किल्लीच्या खुणेचे आकडे माणसानं माणसासमोर बसून ताडायचे, असा त्या कामातला दस्तूर. कुसुमला सेंटर सोडता येईना, खंदाऱ्याला नोकरी. पण खंदाऱ्याचे वडील जिंतुराकडं राहायचे आणि फाटा दोन्ही बापांना सोयीचा होता. तेव्हा तुमीच जा, म्हणाली.

बन्सीधर खंदारे वेळेवर आले. मोजणी खात्यातून निवृत्त झालेला, ताठ, कमी बोलणारा माणूस. "आमच्या सुगतनं धाडलंय," एवढं म्हणून त्यांनी आपली चिठ्ठी टेबलावर पालथी ठेवली.

किशनरावांनी आपली उघडून सरळ वाचायला सुरुवात केली. बन्सीधरांनी हात वर केला.

"तुमीच समदं वाचलं तर मी निस्तं हो म्हणायचं का? मग माज्या जागी कुणीबी चालंल की. एक घोळका तुमी वाचा, पुढचा मी वाचतो."

किशनराव चपापले. थोडा रागही आला. पण बुवा पक्का आहे, हेही मनात आलं. दोघं पाळीपाळीनं वाचायला लागले. मधेच एका ठिकाणी किशनरावांनी आठ म्हटलं आणि बन्सीधरांनी मान हलवली. त्यांच्याकडं आठ नव्हता. संपलं पोरीचं सेंटर! किशनरावांनी घाईघाईनं खिशातला चष्मा काढून डोळ्यावर चढवला तर आठ नव्हेच, इंग्रजी बी होता. बन्सीधर हसले नाहीत. त्यांनी पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावलं. या खेपेला शेवटपर्यंत सगळं जुळलं.

किशनरावांनी मोठ्या आवाजात दोन चहा सांगितले. चहा आला तेवढ्यात शेजारून जाणाऱ्या कंडक्टरनं बन्सीधरांना "जय भीम, बापू" केलं आणि बन्सीधरांनीही त्याला जय भीम घातला.

किशनरावांचा हात कपावरच थांबला. खंदारे म्हणजे आपल्यातलेच, असं धरून चालले होते ते. विद्यापीठाचं नामांतर होऊन महिनाच झाला होता आणि वालूरच्या पारावर अजून लोक तावातावानं बोलत होते. किशनरावही त्यांच्यात बसायचे.

बन्सीधरांच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"काम तर झालंय," ते म्हणाले. "च्या ऱ्हाऊ द्यायचा असंल तर ऱ्हाऊ द्या. मला राग न्हाई."

किशनरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसानं आपल्या पोरीसाठी सगळं दोनदा वाचून घेतलं, त्याच्यासमोर आपण कप धरून अडलोय! त्यांनी चहा बशीत ओतला आणि भुरका मारला. मग भजी सांगितली. मग शेजारच्या बांधाचं जुनं भांडण निघालं. बन्सीधरांनी पाण्यात बोट बुडवून टेबलावर शेताचा नकाशा काढला आणि चूक किशनरावांचीच आहे, हे तोंडावर सांगितलं. असं खरं बोलणारा माणूस किशनरावांना पारावर कधी भेटला नव्हता. गप्पांच्या नादात दोघांच्याही गाड्या गेल्या. निघताना किशनरावांनी त्यांना हुरड्याला वालूरला यायचा शब्द द्यायला लावला.

संध्याकाळी ते परभणीला लेकीकडं पोचले. कुसुम दारातच उभी होती. कसे वाटले, काय बोलले, चहा घेतला का दोघांनी, वाजलं तर नाही ना, असं तिचं सुरू झालं. किशनरावांनी सगळं सांगितलं. कप धरून थांबलो होतो, तेही सांगितलं. पुढच्या रविवारी बापू हुरड्याला येताहेत, पोरालाही आणा म्हणालोय, हे ऐकल्यावर कुसुमनं पदरानं डोळे पुसले.

"अगं, पण मेन काम तर विचार!" किशनराव खिसे चाचपत म्हणाले. "आकडे जुळले का न्हाई, ते?"

कुसुमनं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"आकडे मी अन् सुगतनं दिवाळीतच समोरासमोर बसून ताडलेत, आबा. तुमची दोघांची भेट तेवढी राहिली होती."