हंबीररावचे पाय

मुलीच्या वडिलांनी, नाथाजीरावांनी, हंबीररावच्या उजव्या नडगीवर बोटानं टकटक केलं, मग खाली वाकून कान लावला.

“लाकडाचा आवाज येत न्हाई,” ते म्हणाले.

“कसा यील?” लग्न जुळवणारा कोंडीबा शेजारी बसून सुपारी कातरत होता. “मिरजंची मानसं तंबोरं करत्यात. आवाजाचं त्यास्नी सगळं ठावं असतंय.”

हंबीररावनं डोळे मिटून घेतले. गेला आठवडाभर तो येताजाता डोळेच मिटून घेत होता. एकाहत्तरच्या लढाईतून तो दोन्ही पायांवर परत आला होता. पाय गेले ते आत्ता, सुट्टीत, सांगलीच्या बागेत. आणि ते कोंडीबानं घालवले होते.

झालं होतं असं. छावणीत असताना साहेबाच्या मुलाला त्यानं चाकाच्या लांब फळीवर उभं राहून उतारानं घसरत जाताना पाहिलं होतं. तेव्हापासून ते त्याच्या डोक्यातून जाईना. सुट्टीवर आल्यावर त्यानं सागवानी फळी घेतली आणि खाली ट्रकच्या जुन्या बेअरिंगची चाकं बसवली. त्याच्या गावात, कुंडलात, सगळा फुफाटा. म्हणून फळी एसटीच्या टपावर टाकून तो रोज सकाळी सांगलीला जायचा आणि बागेतल्या फरशीच्या वाटेवर घसरायचा. एका सकाळी दमला म्हणून फळीवरच मांडी घालून बसला. थंडी होती म्हणून मांडीवर चादर घेतली. मग हातानं जमीन रेटत सावकाश निघाला.

अडतीवर गूळ घालायला आलेला कोंडीबा नेमका तेव्हा समोर आला. त्यानं चादर पाहिली, फळी पाहिली, आणि हंबीररावच्या मांडीवर केळं ठेवून रडत रडत निघून गेला. हंबीररावनं ते केळं त्याच्या पाठीत फेकून मारलं. कोंडीबानं गावात सांगितलं, पाय गेलं तरी ताकद हाय गड्यात.

संध्याकाळपर्यंत हंबीररावचं ठरलेलं लग्न मोडलं होतं.

पुढचा आठवडा हंबीरराव गावभर चालत राहिला. जितका चालला तितकं लाकडी पाय बसवणाऱ्या मिरजेच्या डॉक्टरांचं नाव झालं. एसटीत कंडक्टरनं उठून त्याला जागा दिली. तो उभाच राहिला, तर बायका पदर डोळ्याला लावू लागल्या. सुट्टी संपत आली होती आणि नाथाजीरावांची विजयमाला पाहिल्यापासून त्याला दुसरी मुलगी बघायचीच नव्हती. शेवटी आप्पासो चुलत्यांना आणि फळीला घेऊन तो पलूसला मुलीच्या घरी येऊन बसला होता.

“काटा आना,” हंबीरराव म्हणाला. “टोचा.”

नाथाजीरावांनी बाभळीचा काटा टोचला. हंबीरराव ओरडला.

“आवाज तोंडातनं आला,” कोंडीबा म्हणाला. “पायातनं न्हाई.”

हंबीरराव उठला, फळी काखेत मारली आणि तडक बाहेर गेला. देवळापासून घरापर्यंत नवा डांबरी उतार होता. तो वर चढला, फळीवर उभा राहिला, एका पायानं रेटा दिला आणि गुडघे वाकवून, हात पसरून, कोंबड्या उधळत खाली आला. अंगणाशी येऊन पायानंच थांबला. सगळी गल्ली गोळा झाली होती. काटा टोचलेल्या नडगीवरून रक्ताचा ओघळ आला होता.

“पाय खरं हायत,” नाथाजीराव सावकाश म्हणाले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. “मग पाय असताना त्या गाड्यावर कशापायी फिरत हुता?”

“गंमत म्हनून.”

आप्पासो चुलत्यांनी तोंडावरून हात फिरवला.

“त्यापरीस पाय नसल्यालं बरं हुतं,” नाथाजीराव म्हणाले. “पोरगी तर तवा बी हो म्हनत हुती. पाय नसलं तर नसू द्यात म्हनली. म्याच मोडलं.”

हे ऐकून हंबीररावला भरून आलं. आठवड्यात पहिल्यांदाच त्याचा वैताग उतरला. तेवढ्यात दाराआडून विजयमालाचा आवाज आला.

“आबा, आता माझं न्हाई हाय.”

“का गं?”

“अक्काचं दाजी पायवालंच हायत. सुट्टीवर आलं की पारावर, न्हाईतर तालमीत, न्हाईतर तमाशाला. अक्कानं त्यांची निस्ती पाठ बघितलीया. ह्यांस्नी पाय न्हाईत म्हनून म्या हो म्हनलं हुतं.”

नाथाजीरावांनी काटा फेकून दिला. कोंडीबानं हंबीररावकडे अशा नजरेनं पाहिलं, की बघ, तुझ्या भल्यासाठीच सांगत होतो.

हंबीररावनं एकदा स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग त्यानं फळी अंगणातल्या फरशीवर ठेवली, तिच्यावर मांडी घालून बसला आणि खांद्यावरचा टॉवेल मांडीवर पसरला. हातानं फरशी रेटत सावकाश दारापर्यंत गेला. चाकं उंबऱ्याला अडली.

“पलटनीत सरकारला पाय लागत्यात,” तो खाली मान घालून म्हणाला. “सुट्टीत घरी असलो की न्हाईतच म्हनून धरा.”

आत बांगड्या वाजल्या. विजयमाला बाहेर आली. पाहुण्यांसाठी मांडलेल्या ताटातलं एक केळं तिनं उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

हे केळं त्यानं फेकलं नाही.