तू पळालास की

कानाच्या मशीनचे निम्मे पैसे एक संस्था देणार होती, फक्त फॉर्मवर कामावरच्या वरिष्ठाची सही हवी होती. म्हणजे मेस्त्रींची. बायको म्हणाली, "मागून तर बघा, खाणार आहेत का ते तुम्हाला?"

तिला काय सांगू? बॉयलरवर आम्ही दोघंच असतो. वाफेचा दाब वाढल्यावर वाजणारा भोंगा मला ऐकू येत नाही हे कळलं, तर त्याच दिवशी घरी बसवतील. दीड वर्ष मी मेस्त्रींच्या चेहऱ्यावर नजर ठेवून काढलं होतं. ते पळाले की आपण पळायचं, एवढंच ठरवलेलं.

आज जेवणाच्या सुट्टीत फॉर्म पुढे केला. मेस्त्री म्हणजे तापट माणूस, कायम ओरडूनच बोलणार. माझी तर पाचावर धारण बसली.

त्यांनी फॉर्म दोनदा वाचला. उठून दाराला कडी लावली आणि हत्यारांच्या पेटीतून एक कळकट पिशवी काढली. आत तसाच फॉर्म होता. त्यांच्या नावाचा, घड्यांवर विरलेला, सहीची जागा कोरी.

"मोठ्या साहेबांची सही लागते," ते ओरडले. "तीन वर्षं झाली, धीरच होत नाही बघ."

मी विचारलं, "पण मेस्त्री, भोंगा वाजला तर?"


"तुझ्याकडे लक्ष असतं ना माझं. तू पळालास की मी पळणार."