सतरावा डबा

"स्पर्धा इथंच आहे ना वो?"

दारात शेवंताकाकू उभ्या होत्या. हातात फडक्यात बांधलेला डबा, चपलांवर लाल धूळ. नीलिमाच्या तोंडून सवयीने "जयभीम, काकू" निघालं. 

गुढियारीचं, तिच्या वस्तीतलं, कोणी इकडे फिरकत नाही, म्हणूनच तिने नव्या रायपुरातला हा हॉल घेतला होता. रुंद रस्ते आणि तासाला एखादी बस. आत सोळा जण होते. कोणी बाईवर जीव जडलेली बाई, कोणी पुरुषावर जीव जडलेला पुरुष, तर दोघीतिघींनी घरचं नाव टाकून स्वतःचं घेतलं होतं. या शहरात आपल्यासारखं दुसरं कोणी नाही, असंच प्रत्येकाला वाटत आलं होतं. महिन्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र जेवावं, एवढाच बेत होता. राधिकाने जुन्यानव्या मिळतील त्या नंबरांवर निरोप पाठवला होता आणि येताना डबा आणायला सांगितलं होतं. हॉलवाल्याला संशय नको म्हणून नीलिमाने आज सकाळी दारावर कागद चिकटवला होता : मराठी पाककला स्पर्धा.

मागच्या वर्षी ते तळ्याकाठी भेटले होते. कोणीतरी फोटो काढून त्यांच्यातल्या राकेशच्या भावाला पाठवला. तेव्हापासून राकेश घर सोडून सिलतऱ्याला कारखान्याजवळ खोली करून राहतो.

आणि शेवंताकाकू दर रविवारी संध्याकाळी विहारात वंदनेला नीलिमाच्या आईशेजारी बसत. आज रविवार होता.

बाबांना जाऊन चार महिने झाले होते. आई अजून तीन ताटं घेई, मग एक परत फळीवर ठेवी. नीलिमा समोर बसली तरच तिच्या घशाखाली घास उतरे. बाबांना नीलिमाने स्वतःबद्दल काही सांगितलं नव्हतं. आईला सांगणं ती रोज उद्यावर टाकत होती. ते आईला आज, विहाराच्या पायरीवर, दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर?

"काकू, स्पर्धा रद्द झाली."

"मंग हे सारे काय करून राहिले?" म्हणत काकू आत आल्या.

गाणं बंद झालं. तीन वर्षं नीलिमाबरोबर असलेली राधिका चार खुर्च्या पलीकडे जाऊन बसली. राकेशने कानातले काढून खिशात टाकले. स्नेहलने वहीत घाईघाईने रेघा मारल्या आणि ती परीक्षक झाली.

काकू बसल्या नाहीत. त्यांनी डबा उघडला. कोथिंबिरीच्या सांबारवड्या होत्या, अजून कोमट. एकेकासमोर डबा धरत, चष्मा वर सरकवत, त्या प्रत्येकाचा चेहरा जवळून पाहू लागल्या.

"कुठचा तू, बाप्पा?"

"यहीं का हूँ, आंटी. सिलतरा में रहता हूँ." राकेशचा आवाज बारीक झाला होता.

"माय कुठं असते? फोन करत असन ना?"

"करती है," तो खोटं बोलला.

"दोन घे. काडी झाली तुही."

दीपमालाने ओढणी हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती. तिने नाव सांगितलं. तो जाडसर आवाज लपण्यासारखा नव्हता. काकू तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"नाव चांगलं आहे. घरी कधी गेलती पोरी?"

काकू पुढे सरकल्या. नीलिमाला त्यांचा एकेक प्रश्न संध्याकाळी आईच्या कानाशी पुन्हा विचारला जाताना ऐकू येत होता. माय कुठं, बाप कुठं, घरी कधी गेलता. पोलीससुद्धा एवढं विचारत नाहीत.

"पहिला नंबर, शेवंताबाई!" स्नेहलने जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. काकूंचं लक्ष नव्हतं. बाहेर एक मोटरसायकल थांबली होती आणि त्या दाराकडे पाहत होत्या. पार्सल देणारा होता, शेजारच्या इमारतीत गेला.

मग त्यांनी नीलिमाला खूण केली. "जरा बाहेर ये."

जिन्यात येताच नीलिमाने त्यांचा हात धरला. "काकू, आईला सांगू नका. मीच सांगेन. पण आत्ता तिला झेपणार नाही."

"मी कशी सांगीन वो? मंग मी इथं काहून आलती, ते बी सांगा लागन."

काकूंनी पिशवीतून काच तडकलेला एक जुना फोन काढला. पडद्यावर राधिकाचा निरोप होता.

"हा यशदीपचा आहे, माह्या पोट्ट्याचा. तोही तुमच्यासारखाच. पाच वर्सं झाले. त्याच्या बापानं नाही, मीच म्हटलं त्याले, निघ इथून. फोन टाकून गेला तो. तवापासून मी हा बंद पडू देल्ला नाही." त्यांनी पदराने काच पुसली. "परवा याच्यावर तुमचं बलावणं आलं. म्हटलं, साऱ्याइले बलावलं, तर तो बी येईन. बोलली नसती मी. तो जेवते का नाही, एवढं पाहून निंगून गेली असती."

नीलिमा दाराकडे वळली. "थांबा. मी आत विचारते. कोणाकडे तरी त्याचा नवा नंबर असेल."

या वेळी काकूंनी तिचा हात धरला.

"नको वो, माय. मी इथं आलती हे कोणाले सांगू नको. त्याच्या कानावर गेलं, तर तो भेवानं तुमच्याकडे बी येनार नाही."