पणजोबांचं हेल्मेट

पणजोबा युद्धात जखमी कसे झाले, हे शोधून काढायचंच, म्हणून नात आजीला अक्षरशः ओढत पायदळाच्या संग्रहालयात घेऊन आली होती. आजीचे बाबा त्याबद्दल घरी कधी चकार शब्द बोलले नव्हते.

तिथल्या साहेबांनी पणजोबांचं हेल्मेट टेबलावर ठेवलं. डाव्या कानामागे आरपार भोक होतं.

"गोळी लागली आणि जागीच गेले. सोबत्यांनी तिथेच, बर्फाळ खिंडीत पुरलं त्यांना."



"काहीतरीच काय, साहेब!" आजी खळखळून हसली. "बाबा युद्ध संपल्यावर घरी आले, त्यानंतर माझा जन्म. मी काय आभाळातून पडले?"

साहेबांनी नोंदवही पुन्हा उघडून पाहिली; नाव तेच होतं.

आजीने सहज त्या भोकात बोट घातलं. "बाबांच्या डोक्याला अगदी इथेच खळगी होती. माझ्याही आहे. हिच्याही आहे की!"

होती खरी. लहानपणापासून वेणी घालताना फणी तिथेच अडायची. नातीने घाबरत घाबरत केसांतून बोट फिरवलं आणि खळगी चाचपली.

बोट आत गेलं. एक पेर, मग दुसरं.

आत बोचरा वारा सुटला होता.