नावं ठेवायला जागा

“इरिप्रोचेबल म्हणजे, ज्याला नावं ठेवायला जागाच नाही असं,” पुरण वाटता वाटता ऋजुता म्हणाली. सासूबाईंना इंग्रजीच्या क्लासात उद्या या शब्दाचं वाक्य करून न्यायचं होतं.

“म्हणजे आज तुझा स्वयंपाक हवा तसा,” त्या हसल्या. “कमलवन्सं येताहेत जेवायला.”

लग्नानंतरच्या ऋजुताच्या या पहिल्याच गौरी, आणि सुनांच्या स्वयंपाकाला नावं ठेवण्यात कमलआत्यांचा हातखंडा. कटाच्या आमटीत तिने चमच्याने मोजून मीठ घातलं. नैवेद्य दाखवण्याआधी चाखायची सोय नव्हती.

पंगत बसली तेव्हा सासूबाई तिच्या कानाशी पुटपुटल्या, “आमटीत मीठ घातलंय गं मी. तू विसरशील म्हटलं.”

“आई, मीपण घातलंय!”

तोवर आत्यांनी आमटीचा भुरका मारला होता. त्यांचे डोळे गच्च मिटले. “आमटी कुणी केली?”

ऋजुता तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “मी.”

थोरल्या वहिनीला बोलायची आत्यांची टाप नव्हती. “फक्कड झालीय हो, वहिनी,” म्हणत त्या पेलाभर पाणी घटाघट प्यायल्या.

“मग लाजताय काय? घ्या की अजून,” म्हणून सासूबाईंनी त्यांची वाटी पुन्हा काठोकाठ भरली.

स्वयंपाकघरात आल्यावर ऋजुता हसू दाबत म्हणाली, “आई, मघाशी मी अर्थ चुकीचा सांगितला. ज्याला नावं ठेवायची कुणाची छातीच होत नाही, ते इरिप्रोचेबल.”

“असं होय! मग वाक्य कशाला करत बसू? मी नुसती जाऊन उभी राहते की वर्गात.”