जिल्हा ९०७

सगुणाने नवऱ्याचं मनगट रुग्णालयाच्या फाटकावरच्या यंत्राखाली पुन्हा धरलं. कातडीखाली बसवलेला क्रमांक वाचून यंत्र गोड आवाजात म्हणालं, "९०७. हा जिल्हा ९०३ मध्ये विलीन झाला आहे. कृपया नवा क्रमांक बसवून घ्या."

"बसवून टाकू गं," केरबा कण्हत म्हणाला. डायलिसिस चुकून सहा दिवस झाले होते. पाय सुजून खांब झाले होते.

"कालच शपथ घेतलीय आपण," सगुणा पुटपुटली.

काल खंडोबाच्या देवळात सगळ्या गावाने बेलभंडारा उचलला होता. कुणीच नवा क्रमांक घ्यायचा नाही, म्हणजे सरकारला आपला जिल्हा परत द्यावाच लागेल, असं बळवंतअण्णांनी सांगितलं होतं. पहिली मूठ त्यांचीच. केरबाकडे बघून सगुणाने हात मागे घेतला, तेव्हा अण्णाच म्हणाले होते, "पोरी, एक जण जरी फुटला, तरी गाव हरलं."

तेवढ्यात उपरण्याने तोंड पुसत एक म्हातारा घाईघाईने पुढे आला आणि इकडेतिकडे न बघता त्याने यंत्राखाली हात धरला. तळवा अजून भंडाऱ्याने पिवळा होता.

"९०३. नोंद तीन महिन्यांपूर्वीची. आत या, बळवंतराव."

फाटक उघडलं. अण्णांना आता कुठे शेजारी उभी सगुणा दिसली. त्यांनी पिवळा तळवा घाईने उपरण्यात लपवला.

"अण्णा," ती म्हणाली, "निदान हात तरी धुऊन यायचं होतंत."