पहारेकऱ्याची वेळ

स्क्रीन पुन्हा काळी. शर्वाणीने बोर्ड बंद केला, परत चालू केला. दिवा लागला, पंखा फिरला, आणि पुन्हा सगळं गपगार.

म्हैसूरच्या त्या कारखान्यात नवजात बाळांना ऊब देणारी यंत्रं बनायची. त्यांचे बोर्ड दवाखान्यांतून ‘मेलेले’ म्हणून परत येत होते. वरच्या मजल्याने निकाल लावून टाकला होता: बोर्डावरच्या टाक्यांचं सोल्डरिंग कच्चं. सोल्डरिंग करणाऱ्या बायका खाली, पत्र्याच्या शेडमध्ये. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये त्यांना घरी बसवायचं ठरणार होतं. ठरणार कसलं, पत्रंसुद्धा छापून तयार होती. त्यांची मुकादम महादेवम्मा दुपारी वर आली, चित्रान्नाचा डबा शर्वाणीपुढे सरकवून म्हणाली, खाऊन घे बाई, उद्यापासून कोण आणणार. आणि हसली.

तिने भिंगाखाली एकेक टाका पाहिला होता. सोल्डरिंग चोख होतं. म्हणजे यंत्राचा मूळ प्रोग्राम, कर्नेल, उठता उठताच कोसळत होता. कुठे कोसळला हे सांगायला त्याच्या पोटातच एक पहारेकरी असतो, डिबगर. पण इथे तो सगळ्यात शेवटी जागा व्हायचा. घर लुटून झाल्यावर गुरखा शिट्टी वाजवत हजर. हा नियम तिप्पेस्वामी सरांचा, तिच्या साहेबांचा, आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

शर्वाणीने लावला. डिबगरला प्रोग्रामच्या अगदी पहिल्या ओळीलाच उठवलं. तर तोच कोसळला. अजून मेमरीच वाटली गेली नव्हती, बिचाऱ्याला पाय टेकायला जागा नाही. सर मागेच उभे होते.

“भिंती नाहीत आणि वॉचमन बसवतेस?”

सर चुकीचं बोलत नव्हते, हीच तर चीड होती. तिने ओळ थोडी खाली सरकवली. मेमरी मिळाल्यानंतर, बाहेर बोलायची तार जागी झाल्यानंतर, पण सेन्सरना हाक मारायच्या आधी. बोर्ड चालू केला.

स्क्रीन काळीच राहिली. पण तारेच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या लॅपटॉपवर, अक्षरं उमटली. इथे पडलो. तापमानाच्या सेन्सरला वीज पोचायच्या आधीच कर्नेल त्याचं माप वाचायला धावत होता. तिने दुसरा बोर्ड लावला, मग तिसरा. सगळे त्याच ओळीवर. मेलेलं कुणीच नव्हतं. पडताना ऐकायला कुणी जागं नव्हतं, एवढंच. आणि शिक्षा मात्र शेडमधल्या बायकांना.

सरांनी वाचलं. बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, बरं आहे, मीटिंगच्या शेवटी मांड. शेवटी मी विचारतोच, कुणाला काही बोलायचंय का.

विचारायचेच. गेल्या वर्षी पॅकिंगवाल्यांना काढलं, त्या वेळीही विचारलं होतं. तेव्हाही शर्वाणीकडे सांगण्यासारखं होतं, आणि शहाण्यासारखी ती शेवटी उठली होती. खुर्च्या सरकत होत्या, पत्रं वाटून झाली होती. वा, चांगला मुद्दा, म्हणाले होते सगळे.

आज ती मीटिंगच्या खोलीच्या दाराशी थांबली. कुणी बसलेलं नाही, तर ऐकणार कोण? मालक आले. बसले. महादेवम्मा भिंतीला टेकून उभी राहिली. कॉफीचे पेले खाली ठेवले गेले, खोली शांत झाली. सरांनी पत्रांच्या गठ्ठ्याची दोरी सोडायला हात घातला.

“थांबा सर,” शर्वाणी दारातून पुढे होत म्हणाली, “आधी मी.”